सुपारी किलर बाईची फिल्म, बेताचं बजेट: नव्या साहाय्यक दिग्दर्शकांसाठी

साहाय्यक दिग्दर्शक म्हणून मी आजवर ज्या फिल्म्स केल्या, त्यांतली मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली फिल्म म्हणजे सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एका बाईवरचा छोटा थ्रिलर. पैसा बेताचा, ओळखीचा चेहरा एकही नाही, आणि स्क्रिप्टमध्ये पानोपानी मारामारी. ‘एडी (असिस्टंट डायरेक्टर) व्हायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांना मोठ्या बॅनरचं नाव हवं असतं. माझं मत वेगळं आहे. सुरुवातीची कामं शक्य असेल तर अशा फिल्मवर करा. मोठ्या सेटवर नवा एडी महिनोन् महिने व्हॅनिटीच्या दाराशी उभा राहून ‘मॅडम रेडी आहेत’ एवढंच वॉकीवर सांगत राहतो. इथे माणसंच कमी असतात, त्यामुळे ब्रेकडाउनपासून, म्हणजे स्क्रिप्ट वाचून प्रत्येक सीनला काय लागेल ते काढण्यापासून, शर्टावरच्या रक्ताच्या कंटिन्युइटीपर्यंत, म्हणजे डाग शॉटमागून शॉट जुळवत ठेवण्यापर्यंत, सगळं तुमच्याकडे येतं.

पहिलं काम ब्रेकडाउनचं. स्क्रिप्टचं पान आपण आठ भागांत मोजतो. दोन माणसं टेबलाशी बसून बोलतात असा तीन पानांचा सीन अर्ध्या दिवसात उरकू शकतो. पण ‘ती जिन्यात दोघांना गाठून संपवते’ ही एकच ओळ कागदावर पानाचा आठवा भाग भरते आणि शूटिंगचा अख्खा दिवस खाते. म्हणून अ‍ॅक्शनची ओळ दिसली की पानं मोजू नका. फाइट मास्टरांसोबत बसा आणि त्या ओळीचे बीट, म्हणजे छोटे टप्पे, पाडा: ती कुठे लपली आहे, पहिला वार कशाने, हत्यार कधी हातातून सुटतं, कोण पडतं आणि कशावर पडतं. प्रत्येक बीटला किती शॉट, कुणाचा डुप्लिकेट, कुठली गादी, कुठली डमी हे समोर लिहा. हा कागद नीट झाला की अर्धं शेड्यूल तिथेच तयार होतं.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. तालीम. कमी बजेटमध्ये निर्मात्याची कात्री सगळ्यात आधी तालमीवर चालते, कारण त्या दिवशी पडद्यावर दिसेल असं काहीच घडत नाही. तुम्ही नवे असलात तरी तिथे अडून बसा. शूटिंगच्या दिवशी कॅमेऱ्याचं भाडं, लाइट्स, जनरेटर, सगळ्या युनिटचा चहा-नाश्ता-जेवण आणि बारा तासांची शिफ्ट हे सगळं मीटरवर चालू असतं. तालमीला वर्सोव्याच्या आरामनगरसारख्या ठिकाणी तासावर मिळणारा एखादा हॉल, फाइट मास्टर, त्यांची दोन-तीन मुलं, नायिका आणि एक मोबाइल एवढं पुरतं. प्रत्येक बीट मोबाइलवर शूट करा, त्याच रात्री साधा एडिट करून दिग्दर्शक आणि कॅमेरामनला पाठवा. दुसऱ्या दिवशी कुठला शॉट लागणारच नाही हे कळतं. जो शॉट लागत नाही, त्याचे सगळे पैसे वाचतात.

तालमीतून आणखी एक गोष्ट मिळते: व्यक्तिरेखा. आमच्या फिल्ममधली नायिका अंगाने बारीक होती. तिने पहिलवानासारख्या दोन माणसांशी ठोशाला ठोसा दिला असता तर कुणालाच पटलं नसतं. फाइट मास्टरांनी तिला नियम घालून दिला की समोर उभं राहायचंच नाही. दार अर्धवट ढकलून त्याचा हात अडकवायचा, खुर्ची पायांत सारायची, मग जवळ जाऊन एकच वार करायचा आणि लगेच मागे सरायचं. स्वयंपाकघरातल्या सीनमध्ये ती माणसाला मारण्याआधी गॅस बंद करते. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तालमीत खोट्या शेगडीशी उभी असताना तिचा हात आपोआप नॉबकडे गेला आणि दिग्दर्शकाने ते ठेवलं. या बाईने असं काम अनेकदा केलंय, हे तेवढ्यातून कळतं. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागला नाही.

पंच कसा दिसतो, हेही तिथेच शिका. खरा हात चेहऱ्यापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवून लांब लेन्स लावली की ते अंतर दिसत नाही. बाजूने शूट केलं की लगेच उघडं पडतं. खरी मेहनत मार खाणाऱ्याची असते: मान कधी वळली, श्वास कसा सुटला, पाय कुठे गेला. बरेच फाइट मास्टर सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमवर शूट करायला सांगतात, म्हणजे पडद्यावर हालचाल किंचित वेगवान होते. यापेक्षा खाली गेलं तर ती विनोदी दिसायला लागते. बाकीचं काम आवाज करतो. फोलीशिवायचा, म्हणजे हालचालींचे आवाज नंतर भरण्याआधीचा, फाइटचा एडिट पाहून घाबरू नका, कपड्यांची सळसळ आणि ठोशाचा आवाज बसला की तोच सीन अंगावर येतो.

कपड्यांकडे नवे एडी कमी लक्ष देतात. नायिकेला कोपराच्या खालपर्यंत बाह्यांचा सैल कुर्ता दिला तर आत एल्बो पॅड आणि पाठीचं पॅडिंग लपतं. बिनबाह्यांचा टॉप दिला तर पडायचा प्रत्येक शॉट अवघड होतो. त्यामुळे कॉस्च्युमच्या पहिल्या मीटिंगला फाइट मास्टरांना बोलवा. एकाच पोशाखाचे किमान तीन संच लागतात: एक तिचा, एक डुप्लिकेटचा, एक रक्त लागलेला. रक्त म्हणजे सिरप आणि खाण्याचा रंग. तोंडात जाणारं वेगळ्या बाटलीत, कपड्यांवरचं वेगळ्या. प्रत्येक टेकनंतर डागाचा फोटो काढा आणि फोटोवर सीन व शॉट नंबर टाका. आठवड्याने पॅचवर्क, म्हणजे राहून गेलेल्या शॉटचं शूटिंग, निघतं, तेव्हा तेच फोटो कामी येतात.

डुप्लिकेटबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. नायिकेची डुप्लिकेट बाईच असावी, पुरुषाला विग लावून उभं करू नये. चालण्यात आणि पडण्यात फरक दिसतोच, शिवाय एका स्टंटवुमनचं काम जातं. मुंबईत या कामाची परंपरा मोठी आहे. अभिनेत्री नादिया 1935 च्या ‘हंटरवाली’त स्वतः घोडेस्वारी आणि मारामाऱ्या करत होती. 1975 च्या ‘शोले’त हेमा मालिनींच्या टांग्याच्या थरारक दृश्यांत रेश्मा पठाण होत्या. त्यांच्या मागून आलेल्या मुली आज मूव्ही स्टंट आर्टिस्ट असोसिएशनमार्फत कामं करतात. त्यांना सेटवर ‘ताई’ म्हणा, बदलायला वेगळी खोली द्या, आणि कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या कागदावर, त्यांचं नाव लिहा. ‘डुप्लिकेट 1’ असं लिहिलेलं मला अजिबात चालत नाही. उंचीवरून पडायचा शॉट असेल तर गादी आणि रिकाम्या खोक्यांचा थर मास्टरांनी स्वतः तपासल्याशिवाय कॅमेरा रोल होऊ देऊ नका. त्या वेळी कुणी ‘लाइट चाललाय’ म्हणून ओरडलं तरीही नाही.

हत्यारांच्या बाबतीत तर जराही ढिलाई नको. ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका कमी बजेटच्या फिल्मच्या सेटवर सरावाच्या वेळी पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. त्या प्रकरणात पहिल्या साहाय्यक दिग्दर्शकावरही कायदेशीर कारवाई झाली. म्हणजे ही जबाबदारी आपल्या खुर्चीपर्यंत येते. कमी बजेटवर उपाय सोपा आहे: सेटवर फक्त रबरी किंवा डमी हत्यारं आणि नळीतली ठिणगी नंतर व्हीएफएक्समध्ये. सुऱ्यांचंही तसंच. क्लोजअपला बोथट केलेली स्टीलची, फाइटला रबरी, दोन्ही वेगळ्या पेट्यांत, आणि पेटीची किल्ली एकाच माणसाकडे. रस्त्यावर डमी पिस्तूल घेऊन शूट असेल तर चित्रीकरणाच्या परवानगीखेरीज जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवा आणि कागदाची प्रत खिशात ठेवा. लांबून पाहणाऱ्याला पिस्तूल खोटं आहे हे कळत नाही. चोरून शूट करू, दहा मिनिटांचं काम आहे, असं कुणी म्हणालं तर डमी पिस्तूल पेटीतून बाहेरच काढू नका.

कमी पैशात काय होऊ शकतं याचं उदाहरण हवं असेल तर रॉबर्ट रॉड्रिगेझचा 1992 चा ‘एल मारियाची’ बघा. सुमारे सात हजार डॉलरमध्ये मेक्सिकोत झालेली ही अ‍ॅक्शन फिल्म आहे आणि कॅमेऱ्याची ट्रॉली म्हणून त्याने व्हीलचेअर वापरली होती. जे हाताशी आहे त्याभोवती त्याने गोष्ट बेतली. आपल्याकडेही निर्मात्याच्या ओळखीची बंद गिरणी, रिकामं गोदाम, कुणाचं तरी अर्धवट बांधलेलं घर असतं. लोकेशन आधी ठरवून फाइट त्याप्रमाणे बसवणं कधीही स्वस्त पडतं.

सेन्सॉरचं एक लक्षात असू द्या. 2024 च्या नियमांपासून यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या फिल्म्सच्या प्रमाणपत्राचे, 7, 13 आणि 16 वर्षांवरचे असे तीन गट झाले आहेत. फिल्म कुठल्या गटात बसवायची हे दिग्दर्शकाला शूटिंगआधीच विचारा, म्हणजे गळ्यावरच्या वाराला एक मवाळ पर्यायी शॉटही घेऊन ठेवता येतो.

आत कसं शिरायचं? एकांकिकांमध्ये बॅकस्टेज केलेली मुलं इथे लवकर रुळतात, कारण प्रॉपर्टीची यादी करायची आणि वेळेवर पोहोचायची सवय त्यांना असते. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला रात्रभर सेट लावला असेल तर बायोडेटात तसं लिहा. सोबत एखाद्या फाइट सीनचं स्वतः केलेलं ब्रेकडाउन जोडा. मी स्वतः नवी मुलं निवडते तेव्हा शोरीलच्या आधी तेच वाचते. मानधनाचं आधी लेखी घ्या: रोजावर की महिन्यावर, पॅचवर्कचे दिवस धरलेत का, रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडायची गाडी कुणाची, सेटवरच्या अपघाताचा विमा तुम्हालाही लागू आहे का. एका निर्मिती संस्थेकडून माझे पॅचवर्कचे पैसे अजून यायचे आहेत. करारात तो शब्दच नव्हता. तुमच्या करारात तो घालून घ्या, मगच सही करा.