डिजिटल साहित्य वर्गापर्यंत पोचत नाही? आधी या चुका तपासा

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत डबे उघडले की एक तक्रार हमखास कानावर येते: "सर, टीव्ही आहे, नेट आहे, पेन ड्राइव्ह भरून व्हिडिओ आहेत, पण वर्गात काही होत नाही." नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याकडच्या दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी हे म्हणतात आणि नाशिक शहरातल्या सिडकोतल्या भरगच्च शाळेतल्या मॅडमही हेच म्हणतात. यंत्र क्वचितच बिघडलेलं असतं. घोळ असतो तो साहित्य कोणासाठी केलं यात. आपल्याकडचं पुष्कळसं डिजिटल साहित्य 'वर' पाठवण्यासाठी तयार होतं. लिंक गेली, फोटो गेला, अहवाल गेला, काम झालं. शेवटच्या रांगेतल्या पोराला ते दिसलं का, त्याच्या घरातल्या फोनवर ते उघडलं का, हे कोणी विचारत नाही. पुढच्या चुका त्या पोराच्या जागी बसून वाचा.

लिंक आहे, उघडत नाही

गूगल ड्राइव्हवर टाकलेली फाइल सुरुवातीला फक्त तुमची असते. लिंक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली तरी पालकाच्या फोनवर परवानगी मागण्याची पाटी येते. पालक बिचारे बटण दाबतात, विनंती तुमच्या ईमेलमध्ये जाऊन पडते आणि तो ईमेल आपण पगारपत्रक शोधायचं असेल तेव्हाच उघडतो. तिकडे आई समजते, आपलाच फोन जुना झाला. शेअर करताना 'लिंक असलेली कोणतीही व्यक्ती' निवडा आणि हक्क फक्त बघण्याचा द्या. संपादनाचा दिलात तर कोणाचं तरी धाकटं पोर बोट फिरवून अर्धी चाचणी पुसून टाकेल. पाठवण्याआधी ती लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, जिथे तुम्ही खात्यात शिरलेले नसता, उघडून बघा. तिथे उघडली तरच ती पालकांकडे उघडेल.

गूगल फॉर्मचंही असंच. फॉर्ममध्ये फाइल अपलोड करण्याचा प्रश्न ठेवला की उत्तर देणाऱ्याला गूगल खात्यात शिरावंच लागतं. ज्या घरात खातं मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलंय आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक आहे, तिथे चाचणी त्याच प्रश्नावर संपते. वहीचा फोटो हवा असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

याहून मोठी चूक बदलीच्या वेळी कळते. सगळं साहित्य शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यावर असतं. बदली झाली, गुरुजी येवल्याहून इगतपुरीला गेले, खातंही गेलं. नवे शिक्षक पुन्हा अ-आ-इ पासून. शाळेच्या नावाचं वेगळं खातं काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे लिहून ठेवा आणि खातं वापरात ठेवा, कारण सलग २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं. फुकटची जागा १५ जीबी असते आणि ईमेल, फोटोही त्याच जागेत बसतात. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ तिथे भरू नका.

बोलक्या भिंतीवरचे मुके क्यूआर

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यात गावाचा पैसा जातो. लोकवर्गणीतून भिंती रंगवल्या, पाढ्यांशेजारी, नकाशाशेजारी क्यूआर कोड चिकटवले, फोटो काढले. काही दिवसांनी कोड स्कॅन केला तर भलतीच जाहिरात, नाहीतर 'मुदत संपली'.

कारण साधं आहे. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट 'डायनॅमिक' कोड देतात. त्या चौकटीत तुमच्या व्हिडिओचा पत्ता नसतोच, त्या साइटचा असतो. तुमचा फोन आधी त्यांच्या दारात जातो आणि तिथून ते पुढे पाठवतात. चाचणीचा काळ संपला की ते दार बंद करतात आणि पैसे मागतात. 'स्टॅटिक' कोडमध्ये खरा पत्ताच कोरलेला असतो, त्याला मुदत नसते. ओळखायचं कसं? स्कॅन केल्यावर उघडण्याआधी फोन पत्ता दाखवतो. तो यूट्यूबचा किंवा तुमच्या ड्राइव्हचा दिसला तर ठीक. अनोळखी साइटचं नाव दिसलं तर तो कोड भिंतीवर लावू नका. क्रोम ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाचा क्यूआर तिथल्या तिथे, शेअरच्या पर्यायातून मिळतो. तो स्टॅटिक असतो.

कोड चांगला असूनही स्कॅन होत नसेल तर त्याच्या भोवतीची पांढरी कड बघा. पेंटरने सुंदर दिसावं म्हणून कडेला वेलबुट्टी काढलेली असते आणि कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. गडद निळ्यावर पिवळा कोडही टाळा. पांढऱ्यावर काळा, बस्स. पाठ्यपुस्तकातल्या कोडची गंमत वेगळी: तो सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपमधून स्कॅन करायचा असतो आणि काळपट झेरॉक्सवरचा कोड बहुतेकदा वाचलाच जात नाही. मूळ पुस्तकावर धरा.

मराठी दिसतं, पण मराठी नसतं

अजूनही अनेक शाळांत प्रश्नपत्रिका कृतिदेव, शिवाजी किंवा जुन्या श्रीलिपीत टाइप होतात. या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, वरून फक्त मराठी मुखवटा. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सगळी अगम्य खिचडी. पीडीएफ केली तर दिसायला नीट दिसते, पण त्यातलं काही शोधता येत नाही आणि कमी दिसणाऱ्या मुलाला फोन ते वाचूनही दाखवू शकत नाही. हा शेवटचा मुद्दा समावेशित शिक्षणाच्या बैठकीत कोणी काढत नाही, म्हणून इथे काढतो.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच पेस्ट करा. मराठी उमटली तर ती युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणारी खरी मराठी, नाहीतर फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून घ्या. काढल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' हे शब्द हमखास बिघडतात. 'दुसर्या' असं य वर रफार आलेलं छापून मुलांच्या हातात जातं आणि पोरं तसंच लिहायला लागतात. कधी शब्द दिसतो बरोबर, पण कंट्रोल-एफने सापडत नाही. याचं कारण या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. शाळेत सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरला की ही कटकट संपते.

पालकांचा गट

स्वाध्यायाचा फोटो काढून टाकला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि अपूर्णांकाची रेघ पुसट होते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. वेळही बघा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात घरातला एकच फोन बापाबरोबर बागेत असतो, तो दिवेलागणीला घरी येतो. सकाळी १० ला टाकलेला गृहपाठ तोवर शुभेच्छांखाली गाडलेला असतो. संध्याकाळी ७ नंतर टाका आणि गटात फक्त अ‍ॅडमिन बोलतील असं ठेवा. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं बागेच्या कामाला खाली उतरली की फोनचा नंबरही बदलतो. 'पोचलं' समजायच्या आधी दोन टिका आल्या का ते बघा.

गटाची एक अडचण आया सांगत नाहीत, पण असते. गटात शिरलं की आपला नंबर सगळ्या अनोळखी पुरुषांना दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो) किंवा कम्युनिटीच्या घोषणा-गटात पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्टची एक अट आहे, पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा. पालकसभेत तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.

टीव्ही रुसला

पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा; आधी आतलं काढून ठेवा. या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, तेव्हा मोठा व्हिडिओ तोडून घ्या. आवाज येतो पण चित्र नाही, किंवा उलट, असं झालं तर व्हिडिओचा प्रकार बघा, एच.२६४ चा एमपी४ जवळपास सगळे टीव्ही ओळखतात. लॅपटॉप एचडीएमआयने जोडल्यावर आवाज गायब होतो तो बहुधा प्रोजेक्टरकडे गेलेला असतो, ज्याला स्पीकरच नाही किंवा नावापुरता आहे. लॅपटॉपवरच्या आवाजाच्या चिन्हातून स्पीकर पुन्हा निवडा. वर्गात उजेड फार म्हणून चित्र फिकं दिसत असेल तर महागडा पडदा घेऊ नका. फळ्याजवळची एकच खिडकी झाका.

विजेकडे मात्र दुर्लक्ष नको. टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो 'थोडा करंट' नाही, अर्थिंगची गडबड आहे. टीव्ही बंद करा, वायरमनला बोलवा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी सोडायची जबाबदारी कोणाची तरी ठरवा. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची आणि नेटची वायरही काढा, कारण वीज त्या वाटेनेही येते. पण ढग डोक्यावर येण्याआधी काढा, कडकडाटात वायरींना हात लावायला जाऊ नका. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात टीव्ही कपाटात कोंडून ठेवणं हाही उपाय नव्हे. आठवड्यातून एकदोनदा तास-अर्धा तास चालू ठेवला की आतली ओल सुकते.

टॅब उन्हाळी सुट्टीत मरतात. बॅटरी शून्यावर गेलेला टॅब दीड महिना तसाच पडला की जूनमध्ये तो उठतोच असं नाही. सुट्टीआधी निम्मं चार्ज करून, बंद करून, पत्र्याखालच्या नव्हे तर थंड खोलीत ठेवा.

व्हिडिओ लावला म्हणजे शिकवून झालं

हा खरा गाभा. १२ मिनिटांचा व्हिडिओ सलग चालतो, मुलं गप्प बसतात आणि आपण गप्प बसण्याला समजणं म्हणतो. व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण बघा आणि कुठे थांबवायचा त्या जागा वहीत लिहा: "१:४० – पुढे काय होईल विचारा." दर दोन-तीन मिनिटांनी एक थांबा पुरे. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर बाष्पीभवनानंतर भलताच नाच सुरू होतो आणि पोरं त्या दिवसाचं तेवढंच लक्षात ठेवतात.

आदिवासी पट्ट्यात आणखी एक अडथळा आहे. घरात कोकणा ही बोली बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला व्हिडिओतली पुणेरी, झरझर मराठी निम्मी कळते. उपाय फुकट आहे: आवाज बंद करा आणि चित्रावर तुम्ही बोला, मुलांच्या शब्दांत. एखाद्या चौथीतल्या पोरीला बोलू द्या, ती तुमच्याहून चांगलं सांगेल.

आणि सगळं बाहेरून आणलेलं कशाला? गूगल अर्थवर ब्रह्मगिरी शोधा, तिथून बोटाने गोदावरीच्या काठाकाठाने गंगापूर धरणापर्यंत या, मग रामकुंड. मुलांना सांगा, ही नदी १,४६५ किलोमीटर जाते, आपण अजून तिच्या अंगणातच आहोत. मग प्रत्येकाला आपलं घर शोधू द्या. ते जेव्हा "सर, हा आमचा गोठा!" ओरडतात, तेव्हा नकाशावाचनाचा अर्धा धडा झालेला असतो. फक्त हे पडद्यावर एकाने करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं असं नको. बाकीच्यांच्या हातात कागद-पेन्सिल द्या, वळणं काढू द्या.

एआयकडून स्वाध्याय बनवून घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: प्रत्येक गणित स्वतः सोडवा आणि मगच छापा. ते चुकीचं उत्तरही मोठ्या आत्मविश्वासाने देतं.

फोटो आणि कविता

पोषण आहाराच्या ताटासकट मुलाचा चेहरा, खाली नाव, वर्ग, शाळा, गाव, सगळं स्टेटसवर. अहवालासाठी फोटो लागतो, पण तो जगाला दाखवायला लागत नाही. पाठमोरा फोटो, हातांचा फोटो, वहीचा फोटो अहवालाला चालतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. प्रवेशाच्या वेळीच संमतीचा साधा मराठी कागद भरून घ्या आणि 'नाही' म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला फोटोच्या वेळी बाजूला उभं करून लाजवू नका.

२७ फेब्रुवारी जवळ आला की नाशिकच्या शाळांत कुसुमाग्रजांच्या कवितांचे व्हिडिओ बनतात. वर्गात म्हणा, फळ्यावर लिहा, मुलांना वहीत उतरवून द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिकवण्याच्या ओघात केलेल्या नकलेला सूट देतं. पण तीच पूर्ण कविता पार्श्वसंगीत लावून सार्वजनिक चॅनलवर टाकणं वेगळं. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १९९९ मध्ये गेले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. चॅनलसाठी मुलांच्या स्वतःच्या चार ओळी घ्या. आणि कुसुमाग्रजांच्या नावाने गटांवर फिरणारी कविता त्यांच्या छापील संग्रहात सापडल्याशिवाय फलकावर लिहू नका. संग्रह शाळेत नसला तर जवळच्या वाचनालयात फोन करून विचारा, पान क्रमांकासकट सांगतात.