गावच्या रानातल्या जनावरांची नोंद कशी ठेवायची

आमच्या संगमेश्वर तालुक्यात रानातल्या जनावरांची यादी करायची म्हटली की पोरं आधी कॅमेऱ्याची किंमत विचारतात. कॅमेरा नंतर बघू. आधी गावातला जुना शिकारी गाठा. भेकराची वाट, साळिंदराचं बीळ, पिसोरी म्हणजे ते चिमुकलं हरीण कुठल्या झाडोऱ्यात दडतं, हे सगळं त्याला पाठ असतं. ‘किती मारलीत?’ असं विचारू नका. ‘पूर्वी कुठं दिसायची?’ असं विचारलंत की गडी आपोआप खुलतो.

मग ठसे. कातळावर काही उमटत नाही, तेव्हा पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचा चिखल बघा. किंवा संध्याकाळी पायवाटेवर चाळलेली माती पसरा आणि सकाळी गुरं सुटायच्या आत जाऊन या. कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात नखं दिसतात. बिबट्या आणि रानमांजर चालताना नखं आत घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत. फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा, नाहीतर आकारावरून पारावर वाद ठरलेला.

विष्ठेची किळस करून चालत नाही. आडव्या खोडावर भेरली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली की बहुतेक उदमांजर. शेकरूचं एक जनावर बरीच घरटी बांधतं, म्हणून घरटी मोजून शेकरू मोजू नका. आणि वटवाघळं, चिचुंद्र्या लिहायला विसरू नका. सस्तन प्राणी म्हटलं की सगळ्यांना नुसता बिबट्याच आठवतो.

हे सगळं तारखेसह, गावात चालतं त्याच नावानं, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जायला हवं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं ती सोय केली आहे. फक्त खवले मांजराच्या बिळाची जागा लिहू नका, मोबाईलवरून फोटोही फिरवू नका. खवल्यांची तस्करी होते. ‘आढळलं’ एवढं पुरे.

आता फासकीबद्दल, म्हणजे तारेच्या फासाबद्दल. भात पोसवलं की डुकरासाठी बांधाबांधाला क्लचवायर लागते आणि अडकतो बिबट्या. तार कमरेत रुतली की तो जितका ओढतो तितकी ती आवळते. यावर नुसतं भाषण देऊन काही होत नाही; डुकरानं एका रात्रीत आडवं केलेलं शेत ज्याचं आहे, त्याला राग येणारच. त्याच्यासोबत बसून वनखात्याचा नुकसानभरपाईचा अर्ज भरा, पंचनाम्याला उभे राहा. मग त्याला फासकी काढायला सांगा. नोंदवहीपेक्षा हे काम मला मोठं वाटतं.

जनावर अडकलेलं दिसलं तर सोडवायला जाऊ नका, वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावा. वाटेत खवले मांजर वेटोळं करून बसलेलं दिसलं तर ते भ्यालंय. गोणीत भरू नका, लांब व्हा, म्हणजे ते आपलं आपण निघून जाईल. कुत्री मात्र आधी बांधा.