देखाव्यातल्या तेजसच्या पंखाखाली क्षेपणास्त्रं आणि टाक्या कशा बसवाव्यात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गणेशोत्सवात लढाऊ विमानाचा देखावा करायचा ठरला की मंडळाची सगळी मेहनत विमानाच्या अंगावर, रंगावर आणि दिव्यांवर जाते. पंखाखालची क्षेपणास्त्रं आदल्या रात्री पाईप कापून बाइंडिंग तारेनं लटकवली जातात. मग दोन दिवसांत ती वाकडी होतात, पंखाचा पत्रा खाली ओढला जातो आणि जाणत्या माणसाला विमान लांबूनच खोटं वाटतं. हे टाळायचं तर एकच गोष्ट आधी पक्की करा: भार पंखाच्या सांगाड्याला टांगायचा, कातडीला नाही. खऱ्या विमानातही तसंच असतं.

खऱ्या विमानात पंखाच्या आतल्या मुख्य तुळईजवळ मुद्दाम मजबूत केलेल्या जागा असतात, त्यांना हार्डपॉइंट म्हणतात. तिथे पायलॉन बसतो, म्हणजे पंखाखाली दिसणारं ते उभं, चपटं पातं. बॉम्ब असेल तर पायलॉनच्या पोटात रॅक असतो. रॅकचे दोन आकडे बॉम्बच्या पाठीवरच्या दोन कड्या धरतात आणि दोन्ही बाजूंचे टेकू बॉम्बला दाबून धरतात, म्हणजे तो हवेत डुलत नाही. नाटो पद्धतीत १००० पौंड वर्गापर्यंतच्या बॉम्बच्या कड्या १४ इंच अंतरावर असतात, २००० पौंडीच्या ३० इंचांवर. सोडताना आकडे नुसते उघडून भागत नाही. वेगाच्या हवेत बॉम्ब पंखाखालीच घोटाळून विमानावर आपटू शकतो, म्हणून काडतुसाच्या वायूच्या दाबानं दट्ट्या त्याला खाली ढकलतो. हवेतून हवेत मारायची छोटी क्षेपणास्त्रं मात्र रुळावर असतात. मोटर पेटली की ती रुळावरून पुढे सरकत निघून जातात. देखाव्यात क्षेपणास्त्र हलतं दाखवायचं तर ते पुढे सरकलं पाहिजे, खाली पडता कामा नये.

माप १:३ धरा. तेजस १३.२० मीटर लांब आणि ८.२० मीटर रुंद आहे, म्हणजे प्रतिकृती ४.४० बाय २.७३ मीटर होते आणि साधारण मंडपात बसते. तेजसला भार टांगायच्या ८ जागा आहेत: प्रत्येक पंखाखाली ३, पोटाखाली १ आणि हवा ओढणाऱ्या तोंडाखाली १. ही शेवटची जागा लक्ष्यवेधी पॉडसाठी (लक्ष्य हेरणाऱ्या उपकरणाच्या नळकांड्यासाठी) असते आणि ती एकाच बाजूला येते. पंखाखालच्या तिन्ही जोड्या मात्र दोन्हीकडे सारख्याच लावा. आतल्या जागेवर १२०० लिटरची इंधनटाकी, मधल्या जागेवर बॉम्ब आणि टोकाकडच्या जागेवर आर-७३ क्षेपणास्त्र ही मांडणी खरी वाटते आणि नजरेतही भरते. सुखोई-३० एमकेआय करणार असाल तर टाकी लावूच नका. आपलं सुखोई बाहेरच्या टाक्या घेऊन उडत नाही, त्याचं सगळं इंधन पोटात असतं.

जागांची अंतरं फोटोवरून काढता येतात. येलहंक्याच्या एरो इंडिया प्रदर्शनातले तेजसचे भरपूर फोटो प्रसिद्ध झालेले आहेत. सरळ समोरून घेतलेला एक फोटो निवडा. त्यात पंखांच्या टोकाटोकाचं अंतर ८.२० मीटर धरा आणि पट्टीनं प्रत्येक पायलॉनचं अंतर त्या प्रमाणात मोजा. सांबऱ्याच्या हवाई दलाच्या हद्दीत किंवा कुंपणाजवळ फोटो काढायला मुलांना पाठवू नका. तिथे मनाई आहे, आणि त्याची गरजही नाही.

आता सांगाडा. पंखाला २५ एमएमचा चौकोनी पाईप वापरत असाल तर पायलॉनच्या प्रत्येक जागी सांगाड्याच्या दोन आडव्या पाईपांना जोडणारी ६ एमएम जाडीची, १५० बाय ५० एमएमची लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या. तिला १२० एमएम अंतरावर दोन भोकं पाडा. १४ इंचाचा तिसरा हिस्सा जवळपास तेवढाच येतो, त्यामुळे बॉम्बच्या पायलॉनमधून बोल्ट थेट बॉम्बच्या कड्यांच्या जागी उतरवता येतात. हे काम पत्रा किंवा सनबोर्ड चढवण्याआधीच झालं पाहिजे. नंतर आठवण झाली तर कातडी फाडावी लागते आणि जोड लपत नाही. उद्यमबागेतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडवर सहा पट्ट्यांचं काम सहज होतं. भोकं मात्र एकाच साच्यावर पाडून घ्या, नाहीतर डावा पायलॉन उजवीकडे बसत नाही.

पायलॉन १२ एमएम वॉटरप्रूफ प्लायचे तीन थर चिकटवून करा, जाडी ३६ एमएम होते. पुढची कड गोल आणि मागची निमुळती घासा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घेऊ नका. भाद्रपदातला बेळगावचा पाऊस संततधार असतो. मंडपात थेंब पडला नाही तरी दमट हवेनं एमडीएफची कड फुगते आणि बोल्टाखालचं लाकूड भुसा होऊन सुटतं. प्रत्येक पायलॉनला आठ एमएमचे दोन बोल्ट, वर-खाली रुंद वॉशर आणि नायलॉक नट लागतात. साधा नट स्पीकरच्या हादऱ्यानं ढिला होतो. डॉल्बी शेजारीच लागत असेल तर हे नक्कीच होणार.

सगळ्यात जास्त चूक होते ती दिशेत. तेजसचा पंख त्रिकोणी, त्याची पुढची कड तिरकी. सुतार पायलॉन त्या तिरक्या कडेला काटकोनात लावतो आणि क्षेपणास्त्रं बाहेरच्या बाजूला फाकतात. पायलॉन पंखाच्या कडेला नव्हे, विमानाच्या अंगाला समांतर हवा. नाकाच्या टोकापासून शेपटाच्या मध्यापर्यंत दोरी ताणा आणि पायलॉनच्या पुढच्या व मागच्या टोकाचं दोरीपासूनचं अंतर मोजा. दोन्ही सारखी आली की मगच बोल्ट आवळा. एका सुताचा (सुमारे ३ एमएम) फरक चालेल, त्याहून जास्त नको. पुढच्या टोकाला एक सूत फरक पडला की एक मीटर लांब क्षेपणास्त्राच्या टोकाशी तो दुप्पट-तिप्पट होऊन दिसतो.

आर-७३ सुमारे २.९ मीटर लांब आणि १६५ एमएम जाड असतं. १:३ मापात ते ९७ सेंटिमीटर आणि ५५ एमएम होतं. ५५ एमएमचा पाईप मिळत नाही. शेतीचा ६३ एमएमचा पीव्हीसी पाईप घ्या. थोडा जाड असला तरी गर्दीतून पाहणाऱ्याला तो योग्यच वाटतो, ५० एमएमचा बारीक दिसतो. मार्क ८२ जातीच्या बॉम्बचा व्यास २७३ एमएम आणि लांबी २.२२ मीटर, म्हणून ९० एमएमचा पाईप आणि ७४ सेंटिमीटर लांबी अगदी जुळते. पुढचं टोक लाकडातून लेथवर काढून घेतलेलं उत्तम. थर्माकोलच्या चकत्या चिकटवून घासल्या तरी चालतं, पण त्यावर थेट स्प्रे मारला तर थिनरनं थर्माकोल वितळतो आणि खड्डे पडतात. आधी फेव्हिकॉलचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग पुट्टी आणि रंग. पीव्हीसीला २२० नंबरच्या कागदानं घासून प्रायमर द्या, नाहीतर हात लागताच रंगाचे पापुद्रे निघतात.

क्षेपणास्त्राचे पंख गुणाकाराच्या चिन्हासारखे, म्हणजे ४५ अंशात बसवा. अधिकच्या चिन्हासारखे लावले तर वरचा पंख रुळात घुसतो, मग कार्यकर्ते तो कापतात आणि तीनच पंखांचं क्षेपणास्त्र उरतं.

टाकीला बहुतेक मंडळं ११० एमएमचा पाईप वापरतात. हिशेब करून बघा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही तिसऱ्या हिश्श्याला येतात, म्हणून १२०० लिटर भागिले २७ म्हणजे ४४ लिटर. एवढं माप मावायचं तर पावणेदोन-दोन मीटर लांबीच्या टाकीचं पोट २०० एमएमच्या आसपास हवं. त्या मापाचा पाईप जड होतो, म्हणून प्लायच्या सहा-सात गोल फासळ्या एका दांडीवर ओवा आणि वरून ३ एमएम सनबोर्डच्या पट्ट्या लावा. टाकी ५ किलोच्या आत आणि क्षेपणास्त्र ३ किलोच्या आत ठेवा. बसवताना एकदा डावी, एकदा उजवी अशी बाजू बदलत चढवा. एकाच पंखाला तिन्ही भार लावले तर एकाच स्टँडवर उभं असलेलं विमान कलतं.

हलणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी ड्रॉवरचा १८ इंची टेलिस्कोपिक चॅनल पायलॉनच्या खालच्या कडेला लावा. वायपर मोटर मंद गतीलाही मिनिटाला चाळीसेक फेरे मारते, इथे ती फार वेगवान होते. १२ व्होल्टची, १० आरपीएमची गिअर मोटर घ्या. २० सेंटिमीटरची भुजा दिली की क्षेपणास्त्र ४० सेंटिमीटर पुढे-मागे सरकतं आणि एक फेरी ६ सेकंदांत होते. भुजा २२ सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, चॅनल शेवटच्या टोकाला अडकतो आणि मोटरचा गिअर तुटतो. शेपटीला नारिंगी एलईडी पुरेसे आहेत. फटाका, भुईनळा, पेट्रोलचा बोळा यातलं काहीही मंडपात आणू नका.

बॉम्ब सुटताना दाखवायचा हट्टच असेल तर तो ५० सेंटिमीटरच खाली येऊ द्या, खाली माणसांची वाट नको, आणि ओढायच्या दोरीशिवाय ३ एमएम वायर रोपची वेगळी सुरक्षादोरी थेट लोखंडी पट्टीला बांधा. दोन्ही एकाच हुकाला बांधल्या तर तो हुक गेल्यावर दोन्ही जातात. मंडपातल्या २३० व्होल्टच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाईन तोडणारा स्विच) हवाच, आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग.

शेवटचे बारकावे लाल फितींचे. जमिनीवर उभ्या विमानात प्रत्येक रॅक आणि क्षेपणास्त्राला सुरक्षापिन असते आणि तिला लांब लाल फीत लटकते, उड्डाणाआधी काढायची आठवण म्हणून. धावपट्टीवर उभं विमान दाखवत असाल तर फिती लावा, उडतं दाखवत असाल तर एकही नको. नाटो पद्धतीत बॉम्बच्या नाकाजवळचा पिवळा पट्टा खऱ्या स्फोटकाचा आणि निळा रंग सरावाच्या बॉम्बचा. दोन्ही एकाच बॉम्बवर रंगवू नका.

विमान ट्रॉलीवरून मिरवणुकीत न्यायचं असेल तर टाक्या आणि बॉम्ब आधी उतरवा. ते पायलॉनच्या खालून निघतात, पायलॉन पंखालाच राहू द्या. काढलेले बोल्ट, वॉशर आणि नट त्या त्या भारालाच टेपनं चिकटवा आणि त्यावर डावा की उजवा ते लिहा.