गोव्याच्या मऊ पाण्यात गोल्डफिशची पिल्ले कशी वाढवावीत

टाकी, एअर पंप आणि पोहू लागलेली पिल्ले आहेत असे धरून चालू. फिल्टर स्पंजचाच हवा. पॉवर फिल्टर पिल्ले ओढून घेतो. स्पंज मोठ्या माशांच्या टाकीत चार-सहा आठवडे मुरलेला असावा. कोऱ्या स्पंजमध्ये अमोनिया खाणारे जिवाणूच नसतात.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला बादलीत 24 तास हवा सोडा. घाई असेल तर 100 लिटरला 1 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरते.

खाणे दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. उकडलेल्या अंड्याचा बलक द्या असे सर्रास सांगतात. देऊ नका, उरलेला बलक काही तासांत पाणी नासवतो. ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची नुकती अंड्यातून निघालेली पिल्ले, उत्तम.

रोज एअरच्या नळीने तळ ओढून 20 ते 30 टक्के पाणी बदला. नळीच्या तोंडाला मलमल बांधा.

आता खरी अडचण. सत्तरी, डिचोली, फोंडा भागातल्या जांभ्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी मऊ आणि आम्लधर्मी असते, म्हणजे त्यात केएच (पीएच घसरू न देणारी कार्बोनेट क्षारता) जवळजवळ नसतो. फिल्टरमधले जिवाणू 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता खातात. भरपूर खाणाऱ्या पिल्लांच्या टाकीत ही शिल्लक लवकर संपते, पीएच 6 पर्यंत घसरतो आणि जिवाणू मंदावतात. अमोनिया साचत जातो, तरी पिल्ले ठीक दिसतात, कारण आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो आणि ते रूप फारसे विषारी नाही.

मग कोणीतरी सल्ला देतो, ‘अमोनिया वाढलाय, अर्धे पाणी बदला.’ हा सल्ला इथे पिल्लांच्या जिवावर उठतो. नळाच्या पाण्याने पीएच 6 वरून 7.5 वर गेला की विषारी अमोनियाचे प्रमाण सुमारे 30 पट होते. निम्मे पाणी काढून अमोनिया निम्मा झाला, तरी विष 15 पट वाढलेलेच. पिल्ले तासाभरात वर येऊन हवा गिळू लागतात, आणि दोष जातो क्लोरीनवर.

म्हणून पाणी बदलण्याआधी टाकीतला आणि नव्या पाण्याचा, दोन्ही पीएच मोजा. टाकीत 6, अमोनिया लिटरला 1 मिलिग्रॅम किंवा जास्त आणि नवे पाणी 7 च्या वर असेल, तर खाणे बंद करा आणि विहिरीचेच आम्ल पाणी वापरा. ते रात्रभर हवेवर ठेवून सकाळी पीएच पुन्हा मोजा, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडाला की तो थोडा चढतो. टाकीच्या पाण्याशी जुळला तर दर काही तासांनी 10 टक्के बदला. अमोनिया 0.25 च्या खाली आल्यावरच केएच वाढवायला घ्या, आधी मुळीच नाही.

केएच वाढवायला खाण्याचा सोडा वापरा, धुण्याचा नव्हे. 100 लिटरला 3 ग्रॅम सोड्याने केएच साधारण 1 अंशाने वाढतो. तेवढाच एका दिवशी, वेगळ्या भांड्यात विरघळवून द्या. 4 अंशांवर थांबा. पुढे बदलायच्या पाण्यातही त्याच प्रमाणात सोडा घालायचा, नाहीतर केलेले सगळे वाहून जाते. फिल्टरपाशी जाळीच्या पिशवीत तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून ठेवाव्यात. त्या हळूहळू विरघळून आधार देतात, पण घसरलेला पीएच त्यांच्या भरवशावर सोडू नका. केएच दर तीन दिवसांनी मोजा. पीएच घसरलेला दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात उघड्या टबात पाऊस पडू देऊ नका. पावसाच्या पाण्यात केएच नसतोच. वीज गेली तर बॅटरीचा पंप लावा. स्पंज कित्येक तास हवेविना राहिला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून मगच चालू करा, त्या दिवशी खाणे देऊ नका आणि पुढचे चार दिवस अमोनिया रोज मोजा.