फसवणूक झाल्यावर या चुका टाळा

पैसे गेल्याचं लक्षात आलं की अनेक जण पहिला फोन भामट्यालाच लावतात. "निदान अर्धे तरी परत करा हो." तो गोड बोलून झुलवत ठेवतो आणि तोवर रक्कम दोन-चार खात्यांतून फिरून पसार होते. खात्यात पैसे शिल्लक असेपर्यंतच ते गोठवता येतात, म्हणून पहिला फोन बँकेला.

पण नंबर नेटवर शोधू नका. तिथे खोटे कस्टमर केअर नंबरही पेरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस त्यात हमखास सापडतो. कार्डाच्या मागे छापलेला किंवा बँकेच्या अ‍ॅपमधला नंबर लावा. "खात्यात काहीतरी गडबड आहे" असं मोघम बोललात, तर नुसती चौकशी म्हणून नोंद होईल. "माझी फसवणूक झाली आहे, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा, पैसे गेलेत त्या बँकेला कळवा" असं सांगा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पोलिसांकडे वेगळी तक्रार करावी लागतेच. रक्कम किरकोळ असली तरी करा. एकाच खात्याविरुद्धच्या छोट्या तक्रारी जुळल्या की मोठी टोळी हाती लागू शकते.

लाजेपोटी किंवा संतापून चॅट डिलीट करणं तर पुरावाच पुसून टाकणं. ब्लॉक नंतर करा. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याचा नंबर, तारीख, वेळ दिसू दे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि लिंकचा पूर्ण पत्ताही जपा. गिफ्ट कार्डने पैसे दिले असतील, तर कार्ड व पावती ठेवा आणि ते काढणाऱ्या कंपनीला लगेच कळवा.

भामट्याने स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावलं होतं? मग त्याच फोनवर पासवर्ड बदलत बसू नका, नवाही त्याला दिसेल. इंटरनेट बंद करा, अ‍ॅप काढा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग पत्ता (ज्यावर तुमचे ईमेल आपोआप जात राहतात) घातलेला नाही ना, तेही बघा. हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

काही दिवसांनी "तुमचे पैसे सापडलेत, थोडी फी भरा" असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांची माहिती भामट्यांमध्ये विकली जाते, त्यामुळे त्याला तुमची रक्कम आणि तारीखही अचूक ठाऊक असेल. फी भरू नका; तो नंबर आधीच्या तक्रारीत जोडा.