अंगावरचं दूध, डबीतलं दूध आणि रात्रीची सोय

बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: "हिला दूधच नाही." बहुतेक वेळा ते खरं नसतं. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, घट्ट, एका वेळी जेमतेम चमचाभर. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला तेवढंच लागतं, ५ ते ७ मिलिलिटर. छाती भरून दूध उतरतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. सिझेरियन झालं असेल किंवा रक्त जास्त गेलं असेल तर एखादा दिवस आणखी.

नेमक्या या मधल्या दिवसांत मध, साखरपाणी, पावडरचं दूध घरात शिरतं आणि तिथूनच बिघडायला लागतं. वरच्या दुधानं पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, छाती रिकामी होत नाही, आणि रिकामी न झालेली छाती दूध कमी करते. विहिरीसारखं आहे हे, उपसा थांबला की झरे बुजतात. म्हणून जन्मल्यापासून तासाभरात पहिल्यांदा छातीशी लावा आणि पुढे २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा. घड्याळ बघून नाही. बाळ तोंड फिरवायला लागलं, मुठी चोखायला लागलं की घ्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण, तोवर ते इतकं चिडलेलं असतं की धड पकडतही नाही.

मध तर वर्षभर नकोच. त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. सहाणेवर उगाळलेली गुटी, ग्राइप वॉटर, उन्हाळ्यात घोटभर पाणी, हेही सहा महिने बंद. डॉक्टरांनी दिलेले 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतात. आजी नाराज होईल. होऊ द्या, तिच्याकडून मालिश करून घ्या.

तोंडात नीट बसलं का

दुखणं, चिरा, दूध न पुरणं, दाटलेल्या गाठी, यांतल्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ एकच असतं: बाळ फक्त टोक चोखतंय. पाठीला टेका घेऊन बसा, वाकू नका. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून पिणं तुम्हालाही जमणार नाही. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर धरा, वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की बाळाला चटकन जवळ ओढा. स्तन बाळाकडे नेऊ नका. आधी हनुवटी टेकली पाहिजे.

नीट बसलं असेल तर वरच्या ओठाच्या वर काळसर गोल भाग जास्त दिसतो, खाली कमी. खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, गाल फुगलेले असतात, त्यांना खळी पडत नाही. सुरुवातीला भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की लय संथ होते आणि घुटका ऐकू येतो. चट्-चट् आवाज येत असेल, पहिल्या काही सेकंदांनंतरही कळ येत असेल, किंवा पाजून झाल्यावर स्तनाग्र एका बाजूला चपटं, तिरपं दिसत असेल तर पकड चुकली आहे. सहन करू नका. स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, ओढ सुटेल, पुन्हा लावा. चार वेळा काढून लावावं लागलं तरी हरकत नाही.

सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर बाळाला काखेखालून, पाय मागे करून धरा. एक बाजू पूर्ण संपू द्या, मग दुसरी पुढे करा. पुढच्या वेळी सुरुवात दुसरीकडून.

दूध पुरतंय का हे छाती दाबून कळत नाही, लंगोट मोजून कळतं. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा. काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. लंगोटावर विटकरी डाग सुरुवातीला चालतात, पाचव्या दिवसानंतरही दिसले तर बाळाला दूध कमी पडतंय असं समजा. वजन आधी थोडं उतरतं. दहा टक्क्यांहून जास्त उतरता कामा नये आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. नंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. प्रत्येक भेटीत वजन करून ते लिहून घ्या. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं आई-बाळाचं आरोग्य कार्ड, कन्नडमध्ये असलं तरी आकडे आकडेच असतात. सिस्टर 'एदे हालु' म्हणाल्या तर त्या अंगावरच्या दुधाविषयी विचारताहेत, आणि 'कूसु' म्हणजे आपलं बाळ. माहेर महाराष्ट्रात, चंदगडला किंवा गडहिंग्लजला असेल तर हे कार्ड सोबत न्या, तिकडच्या आशाला मागचं वजन त्यावरूनच कळेल.

बाळंतिणीला भूक लागते आणि लागायलाच हवी, रोज ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. अळीव, डिंक, मेथी यांचे लाडू खुशाल खा, पण निव्वळ तूप-भातावर ठेवू नका. डाळ, अंडं, पालेभाजी बंद करण्यानं दूध 'हलकं' होत नाही, बाई मात्र अशक्त होते. २०१७ पासून कर्नाटक सरकारच्या मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत बाळंतिणीला गरम जेवण मिळतं. तो हक्क आहे, घ्यायला लाजू नका.

छाती दाटली तर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, त्वचा ताणून चकाकते आणि स्तनाग्र आत गेल्यासारखं होतं. अशा छातीला बाळ पकडूच शकत नाही. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट फडकं ठेवा. मग पाचही बोटांची टोकं स्तनाग्राभोवती गोल ठेवून छातीच्या दिशेनं मिनिटभर स्थिर दाबून धरा. सूज मागे सरते आणि तो भाग मऊ होतो. थोडं दूध हातानं काढा, मग लावा. दोन पाजण्यांच्या मध्ये गार फडकं. जोरजोरात चोळू नका, आतली सूज वाढते.

एका जागी लाल, गरम, दुखरा पट्टा आणि अंगात ताप असेल तर त्या बाजूनं पाजणं थांबवू नका, ते दूध बाळाला चालतं. २४ तासांत उतार नाही पडला, किंवा थंडी वाजून ताप चढला, तर डॉक्टरकडे जा.

हातानं दूध काढणं

पंप नसला तरी अडत नाही. रुंद तोंडाची स्टीलची वाटी साबणानं धुऊन १० मिनिटं उकळा, उपडी ठेवून सुकू द्या. हात कोपरापर्यंत धुवा. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळून आलेल्या बाईनं हात तर धुवावेतच, ब्लाऊजही बदलावा. ती पूड कपड्यातून बाळाच्या नाकात जाते.

अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून अडीच ते तीन सेंटीमीटर मागे. आधी सरळ मागे, बरगड्यांकडे दाबा. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा. सोडा. दाबा, आणा, सोडा, एवढंच. बोटं कातडीवरून घसरत असतील तर चुकतंय, त्यानं नुसती आग होते. पहिलं मिनिटभर काहीच येत नाही, मग थेंब, मग अचानक बारीक धारा. एका बाजूला चार-पाच मिनिटं, धार मंदावली की दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली. बोटं घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत न्या, नाहीतर एकच भाग रिकामा होतो. सगळं मिळून २० ते ३० मिनिटं. पहिल्या दिवशी तळ झाकेल एवढंच आलं तरी ते अपयश नव्हे.

पंप घेतलात तर छातीला लावायच्या कुप्पीचा आकार तपासा. स्तनाग्र नळीत मोकळं हललं पाहिजे, घासलं नाही पाहिजे. ओढ जास्त ठेवली म्हणून दूध जास्त येत नाही, दुखायला लागलं की पान्हाच आटतो.

किती, कशात, किती वेळ

एक ते सहा महिन्यांच्या बाळाला आई नसताना तासाला अंदाजे ३० ते ४५ मिलिलिटर धरा. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात किंवा शाळेत शिकवायला नऊ तास जाणार असाल तर २७० ते ४०० मिलिलिटर. कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर काढायला लागा, तेव्हा दूध सर्वांत जास्त असतं. घट्ट झाकणाच्या डब्यांत ६० ते १२० मिलिलिटर एवढंच भरा, वर बोटभर जागा सोडा, तारीख आणि वेळ लिहा. ताजं कोमट दूध फ्रीजमधल्या दुधात थेट ओतू नका. आधी गार करा, मग मिसळा.

खोली २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत निभावतं. एप्रिलच्या उन्हात दोन तासांवर नेऊ नका. पाण्याच्या परातीत डबा ठेवलात तर दूध गार राहील, पण म्हणून मुदत वाढवू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मासच्या पेटीत २४ तास. फ्रीजमध्ये चार दिवस, तेही मागच्या बाजूला. दारातल्या कप्प्यात नको, ते दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात दोन आठवडे. सहा महिने ठेवायचं तर उणे १८ अंशांचा वेगळ्या दाराचा फ्रीझर हवा, आणि तो बहुतेक घरांत नसतो.

आता करंटचं. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल हे हेस्कॉम या वीज कंपनीलाही सांगता येत नाही. दार उघडलं नाही तर फ्रीजचा गारवा साधारण चार तास टिकतो. बर्फाच्या खणात एक पेला पाणी गोठवा आणि त्यावर रुपया ठेवा. गावाहून आल्यावर रुपया वरच असेल तर ठीक. बुडालेला असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, ते दूध ओतून टाका. अर्धवट वितळलेलं, बर्फाचे कण शिल्लक असलेलं दूध खालच्या खणात ठेवून २४ तासांत संपवा.

द्यायच्या वेळी डबा कोमट पाण्यात धरा. उकळू नका, मायक्रोवेव्हमध्येही नको, त्यात मधेच चटका देणारे गरम पट्टे राहतात. वर साय आल्यासारखी दिसते, हलकेच फिरवली की मिसळते. दूध निळसर, पिवळसर दिसणं ठीक. साबणासारखा वास आला तर ते नासलेलं नसतं, दुधातल्या लायपेज नावाच्या विकरामुळे चरबी फुटलेली असते. बाळ पीत असेल तर द्या. नाकारत असेल तर पुढच्या वेळी गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि लगेच गार करा. उष्टं दूध दोन तासांत संपवा, नंतर टाका.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं चोचीचं बोंडलं बरं, धुवायला सोपं. बाळाला अर्धवट उभं धरा, कड ओठाला लावा, बाळाला स्वतः ओढू द्या. घशात ओतलं की ठसका लागतो. हे दूध घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावं, आई समोर दिसली की बाळ बोंडलं झिडकारतं.

कामाच्या ठिकाणी मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात आली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. ती वेळ दूध काढायला वापरा. दुपारी छाती भरलेली तशीच राहिली तर आठवड्याभरात दूध कमी होतं.

झोपताना

बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर, आणि पाठीवर. निदान सहा महिने. पाठीवर झोपवलं तर गुळणी श्वासात जाईल, ही भीती उलटी आहे. उताणं झोपल्यावर श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, वर आलेलं दूध पुन्हा खालीच उतरतं. पालथं झोपल्यावर धोका वाढतो. पालथं जागेपणी, समोर बसून.

डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी काढा. लोड, गोधडी, मऊ खेळणीही काढा. डोक्याचा आकार रोज तोंडाची दिशा बदलूनही सुधारतो. घरात कुंची-टोपरं नको, बाळ डोक्यावाटे उष्णता सोडतं. तुम्हाला लागतं त्याहून एक कपडा जास्त, बस्स. छाती-पाठ घामेजली असेल तर जास्त झालं. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. पाच मिनिटं झुलवा, झोप लागली की सपाट जागी ठेवा. लाकडी पाळणा सपाट असेल तर चालेल.

रात्री कुशीवर झोपून पाजताना डोळा लागणार, हे धरूनच चला. सोफ्यावर किंवा खुर्चीत कधीच पाजत झोपू नका, ते सर्वांत धोक्याचं. आई किंवा वडील तंबाखू ओढत असतील, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोहून कमी असेल, तर एका अंथरुणात झोपणं नाहीच.

आणि शेगडी. बाजेखाली निखारे, दार-खिडक्या बंद आणि कोपऱ्यात धुरी, ही आपल्याकडची बाळंतिणीची खोली. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आईला डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी येते, बाळ नुसतं सुस्त पडतं, पीत नाही, आणि 'शेकानं छान झोप लागली' असं वाटतं. तसं काही दिसलं तर दोघांना आधी उघड्यावर आणा, मग १०८ ला फोन करा. शेक द्यायचाच तर सोप्यात किंवा अंगणात, खिडकी-दार उघडं ठेवून, तोही दिवसा. राख टाकून झाकलेले निखारेही हा वायू सोडत राहतात, म्हणून झोपण्याआधी शेगडी घराबाहेर नेऊन पाणी ओतून विझवा.