घरची वंशावळ मागू नका: बारावीला जैवनीती शिकवताना

मी रत्नागिरी जिल्ह्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकीसोबत जैवनीतीचे, म्हणजे जीवशास्त्रातल्या योग्य-अयोग्याचे, तास घ्यायला जे नव्याने उभे राहणार आहेत, त्यांना आधी माझी चूक सांगते.

पहिल्या वर्षी गृहपाठ दिला: घरातल्या तीन पिढ्यांची वंशावळ काढा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर आतून रंगवा. बहुतेकांनी हौसेने काढली. एका मुलीने कागद चार घड्या घालून दिला. आत एकच वर्तुळ, त्याला वर जोडणारी रेघच नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं, "अर्धवट का?" ती मान खाली घालून उभी राहिली. संमती म्हणजे काय हे मी पुढच्या तासाला शिकवणार होते आणि स्वतः मात्र कुणाची संमती घेतली नव्हती. आपल्या वाड्यांमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. रंगवलेलं वर्तुळ कुणाची तरी आत्या असते, तिच्या मुलीचं लग्न जमायचं असतं. तेव्हापासून मी काल्पनिक घराणं देते आणि आईवडिलांचे रक्तगटही विचारत नाही.

सुरुवात सोनोग्राफी केंद्राच्या पाटीपासून करा. चिपळूण असो की कणकवली, गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी मुलांनी वाचलेली असते. ती का लावावी लागली, ते त्यांनाच बोलू द्या. महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. बाळाची तब्येत पाहायचं यंत्र मुलगी नको म्हणून वापरलं गेलं, हे मुलांना लगेच कळतं.

खरा वेळ थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला द्या. आईवडील दोघं वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मुलांना वाटतं, चारांत एक आजारी, म्हणजे बाकीचे तीन सुटले. प्रत्येक बाकाला दोन नाणी द्या. दोन्ही छापे पडले तर आजार. लागोपाठ दोनदा तसं पडलं की बाकावरचा गलबला थांबतो. वाहक स्वतः आजारी नसतो, हे दहादा सांगा. नाहीतर तुमच्याच तासातून एखाद्या घरावर शिक्का बसेल. मग विचारा: तुम्ही वाहक असल्याचा रिपोर्ट आला, मुंबईतल्या चुलतभावाचं लग्न ठरलंय, तोही वाहक असू शकतो, त्याला सांगाल? यावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

जनुक संपादनाला फळ्यावर दोन रकाने पुरतात. एकीकडे चीनचा शास्त्रज्ञ हे जियानकुई: भ्रूणांची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्मल्याचं त्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं, पुढे तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसरीकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा क्रिस्पर (जनुक कापून बदलायचं तंत्र) उपचार, २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर. पहिला बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, दुसरा त्या रुग्णापुरताच राहतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर सांगितली की "मग आपल्याकडे कोणाला परवडणार?" हा प्रश्न मागच्या बाकावरून हमखास येतो. तो टाळू नका.

गुण मताला नको, कारणाला द्या. चर्चेआधी प्रत्येकाचं मत बिननावी चिठ्ठीवर घ्या, म्हणजे गप्प मुलंही बोलतात. चुलतभावाच्या प्रश्नावर मला एकदा अशी चिठ्ठी मिळाली: "मी आधी आईला सांगेन. काकूला कसं सांगायचं ते तिला माहीत असेल." त्या दिवशी आम्ही उरलेला तास त्या काकूबद्दलच बोललो.